बिनपाण्याचा तरवड बागेत का मरतो?

ऑक्टोबरात पुण्याहून सोलापूरकडे किंवा अहिल्यानगरहून बीडकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला, उघड्या माळांवर, ओढ्याच्या दरडींवर आणि रेल्वेच्या भरावांवर पिवळ्याजर्द फुलांची कमरेएवढी झुडपे दिसू लागतात. हा तरवड. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही, कुंपण करत नाही. तरीही घटस्थापनेच्या सुमाराला तो असा बहरतो की खाली पान दिसत नाही. बागेची हौस असलेला माणूस ते पाहून हरखतो, एखादे झुडूप उपटून घरी आणतो, आणि मग हमखास हा प्रश्न विचारतो: माळावर कुणी घोटभर पाणी न घालता जो फुलतो, त्याला मी रोज पाणी दिले, शेणखत घातले, तरी महिन्याभरात वाळला. असे का?

अर्धे उत्तर प्रश्नातच आहे: रोजचे पाणी आणि शेणखत. उरलेले अर्धे ‘उपटून’ या शब्दात आहे. दोन्ही नीट कळली, तर कोरड्या प्रदेशातल्या बागेसाठी तरवडासारखे दुसरे फुलझाड शोधायची गरज पडत नाही, असे माझे मत आहे.

१. आधी ओळख पक्की करा

पिवळी फुले येणारी झुडपे बरीच आहेत, आणि त्यांतली कित्येक बाहेरून आलेली आहेत. रोपवाटिकेत ‘कॅशिया’ म्हणून हातात पडणारे रोप तरवडाचेच असेल याची खात्री नसते. वनस्पतिशास्त्रात तरवडाचे नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅशिया या प्रजातीत घातले होते, म्हणून जुन्या पुस्तकांत तो कॅशिया ऑरिक्युलाटा या नावाने सापडतो. टाकळा, कासविंदा आणि सोनामुखी हे त्याचे जवळचे नातेवाईक. बहावा थोडा लांबचा.

ओळखण्याच्या खुणा चार. पान चिंचेच्या धर्तीचे, एका दांड्यावर समोरासमोर छोट्या पर्णिका असलेले. पर्णिकांच्या साधारण ८ ते १२ जोड्या. प्रत्येक जोडीच्या मध्ये दांड्यावर एक बारीक उभी ग्रंथी, भिंगातून सहज दिसणारी. दांडा खोडाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे. आणि शेंग: चपटी, कागदासारखी पातळ, पिकल्यावर तपकिरी, आतल्या बियांचे उंचवटे वरून मोजता येतील अशी. यांतली कानासारख्या उपपर्णांची खूण सर्वांत भरवशाची. ती दिसली की फुलाची वाट पाहायचे कारण नाही.

ही चिकित्सा हौसेखातर सांगत नाही. पिवळ्या फुलांचा परदेशी भाऊबंद सेन्ना स्पेक्टॅबिलिस शोभेसाठी आणला गेला आणि आज त्याने केरळातल्या वायनाडचे आणि निलगिरीच्या पायथ्याचे जंगल गिळायला घेतले आहे. सेन्ना युनिफ्लोरा नावाचे अमेरिकेतले तण तर दख्खनच्या पडीक जमिनींवर जिकडेतिकडे पसरले आहे. तरवड मात्र इथला आहे. दख्खनचा पठारी भाग, गुजरात, राजस्थान, कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडू आणि श्रीलंकेचा कोरडा भाग हे त्याचे घर. तेलंगणात त्याला तंगेडू म्हणतात आणि तो त्या राज्याचे राज्यफूल आहे. तिथल्या बतुकम्मा सणात फुलांची उतरंड रचताना तंगेडू लागतोच. सोलापुरातली तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबेही हा सण करतात. आपल्याकडे त्याच दिवसांत गावोगावी घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. सण वेगळे, पण दोन्हीकडे त्या दिवसांत माळावर फुकट आणि भरपूर मिळणारे फूल हेच.

२. माळावर तो जगतो कसा?

‘त्याला पाणी लागत नाही’ हे म्हणणे चूक आहे. पाण्याशिवाय कोणतेच झाड जगत नाही. तरवड पाणी घेतो, पण आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणाहून.

बी रुजले की तरवड पहिले काम करतो ते खाली जाण्याचे. वर चार-सहा पाने दिसत असतात तेव्हा खाली सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल उतरलेले असते. मुरमाच्या भेगांतून, कच्च्या खडकाच्या फटींतून ते वाट काढते. माळाचा वरचा थर मार्चमध्ये भाजून निघतो, पण काही फूट खाली, दगडांच्या सांद्यांत पावसाळ्यातली ओल बराच काळ टिकून असते. तरवड तिच्यावर उन्हाळा काढतो. पर्णिका लहान असल्याने त्या उन्हात कमी तापतात. कडक उन्हाळ्यात तो बरीचशी पाने गाळतो आणि खर्च आणखी कमी करतो.

आता मुरूम. शेतकरी ज्या जमिनीला हलकी म्हणून नावे ठेवतो तीच तरवडाला मानवते, आणि त्याचे कारण हवा आहे. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाऊस पडला की त्या पाण्याने भरतात. पाणी खाली झिरपले की त्यांत पुन्हा हवा शिरते. मुळांना श्वास घ्यायला ही हवा लागते. मुरमाच्या पोकळ्या मोठ्या, म्हणून तिथे पाणी थांबत नाही आणि हवा लगेच परत येते. काळ्या भारी जमिनीच्या पोकळ्या अतिशय बारीक, त्यामुळे पाणी दिवसच्या दिवस अडकून राहते. शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. तरवड काळ्या मातीत अजिबात येत नाही असे नाही. बांधावर, उतारावर, जिथे पाणी वाहून जाते तिथे तो काळ्या मातीतही दिसतो. साचलेले पाणी मात्र त्याला चालत नाही.

३. मग बागेत काय बिघडते?

माळावरचे झुडूप टिकावाने उकरून काढताना सोटमूळ तुटते. कितीही जपून काढा, ते तुटतेच, कारण त्याचे टोक तुमच्या टिकावाच्या आवाक्यात नसते. हाती येते ते फक्त वरचे झुडूप आणि वीतभर बुंधा. पाने तितकीच, पाणी ओढणारी मुळे मात्र गेलेली. अशा झाडाला आपण घरी आणून आणखी एक शिक्षा देतो. ते सुकू लागले की आपण पाणी वाढवतो. मातीतल्या पोकळ्या सतत भरलेल्या राहतात, तुटलेल्या मुळांच्या टोकांना बुरशी धरते, ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने आणखी मलूल होतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. बहुतेक तरवड या फेऱ्यात मरतात, आणि मरताना ते तहानेने मेल्यासारखे दिसतात. हीच खरी फसवणूक आहे.

खताची गोष्टही अशीच. नत्र जास्त झाले की फांद्या लांब, मऊ आणि पानेच पाने, फूल कमी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तरवड शेंगा धरणारा आहे, म्हणून तूर-हरभऱ्यासारख्या त्याच्या मुळांवर गाठी येत असतील आणि तो हवेतले नत्र जमिनीत साठवत असेल, असे पुष्कळांना वाटते. पण सेन्ना प्रजातीतल्या झाडांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. तरवड जमीन सुपीक करील या आशेने लावू नका. त्याच्या पाल्याचे हिरवळीचे खत चांगले होते, एवढे मात्र खरे.

थोडक्यात, झुडूप आणायचे नाही. बी आणायचे.

४. बी दगडासारखे का असते?

जानेवारीपासून मार्चपर्यंत शेंगा वाळून तपकिरी होतात. एका शेंगेत साधारण १० ते २० बिया निघतात. त्या तशाच पेरल्या तर चार-दोनच उगवतात आणि माणूस निराश होतो. बी मेलेले नसते. त्याच्या टरफलातून पाणी आत जाऊ शकत नाही. टरफलाचा बाहेरचा थर मेणकट आणि घट्ट पेशींचा असतो.

माळावर जगायचे तर ही सोय शहाणपणाची आहे. मे महिन्यात वळवाची एखादी सर येते आणि पुढे पंधरा दिवस ऊन तापते. त्या सरीने सगळे बी उगवले असते तर सगळे करपले असते. टरफल ऊन, थंडी, घासाघीस यांनी हळूहळू झिजते. काही बिया यंदा रुजतात, काही पुढच्या वर्षी, काही आणखी नंतर. एखादा दुष्काळ पडला तरी वंश शिल्लक राहतो.

बागेत मात्र आपल्याला सगळ्या बिया एकदम हव्या असतात. त्यासाठी घरगुती उपाय आहे. आधी बिया निवडून घ्या: भोक पडलेल्या टाकून द्या, कारण शेंगेत असतानाच कीड आत शिरून बी पोखरते. उरलेल्या एका भांड्यात घ्या. पाणी उकळा, गॅस बंद करा, ते पाणी बियांवर ओता आणि रात्रभर तसेच राहू द्या. बिया चुलीवर शिजवायच्या नाहीत, एवढे भान ठेवा. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्या त्या पेरायच्या. ज्या फुगल्या नाहीत त्यांच्यावर पुन्हा एकदा हाच प्रयोग. थोड्याच बिया असतील तर सँडपेपरवर एका कडेने किंचित घासून साध्या पाण्यात भिजवल्या तरी काम होते. घासताना बीज-डोळ्याची बाजू टाळा.

पेरणी दोन प्रकारे करता येते. पाऊस स्थिरावला की ठरलेल्या जागीच दोन-तीन बिया टोचणे हा उत्तम मार्ग, कारण सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाते. पण गोगलगायी, मुंग्या, गवत यांच्या तावडीतून कोवळे रोप वाचवावे लागते. दुसरा मार्ग पिशवीचा. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये उंच, अरुंद पिशवीत बी लावा. उथळ पिशवीत मूळ तळाशी जाऊन गोल फिरते आणि पुढे जमिनीत गेले तरी गोलच फिरत राहते. पिशवीत अर्धी माती, अर्धा चाळलेला मुरूम किंवा भरड वाळू. आठवडा-दोन आठवड्यांत कोंब वर येतात. सहा ते आठ आठवड्यांचे रोप लावणीला तयार. वर्षभराचे मोठे रोप घेण्याचा मोह नको. तरवडात लहान रोप मोठ्याला सहज मागे टाकते.

५. जागा, खड्डा आणि पहिले वर्ष

जागा दिवसभर उन्हाची हवी. सावलीत तरवड जगतो, पण फुले मागावी लागतात.

लावण्याआधी जमिनीची परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा खणा, तो काठोकाठ पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दोन-तीन तासांत जिरले, तर जागा उत्तम. रात्रभर साचून राहिले, तर तिथे खड्ड्यात लावू नका. मुरूम आणि माती मिसळून फूटभर उंच, परातीच्या दुप्पट रुंद असा उंचवटा करा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा.

खड्ड्यातली माती खड्ड्यातच परत घाला. बाहेरची काळी माती आणि घमेलेभर शेणखत घालून खड्डा समृद्ध करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती आंब्याला ठीक असेल. मुरमाच्या जमिनीत काळ्या मातीचा खड्डा केला की आजूबाजूचे पाणी त्यात येऊन बसते आणि मुळेही त्या मऊ भागातून बाहेर पडायला आळस करतात. ओंजळभर कुजलेले कंपोस्ट वरच्या मातीत मिसळा, बस.

रोपे मृगात नको, आर्द्राच्या पावसात लावा. म्हणजे जूनअखेर ते जुलै. जमीन हातभर ओली झालेली असते आणि मधली उघडीप रोपाला सोसते. दोन रोपांत चार ते पाच फूट अंतर ठेवा. कुंपणासारखी दाट रांग हवी असेल तर तीन फूट चालेल.

जमिनीला उतार असेल तर रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती छोटा बांध घाला. पावसाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बांधाच्या वर दोन चौरस मीटर उतार असेल आणि २० मिलिमीटरची एक सर आली, तर त्या उतारावर ४० लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहून बांधापाशी आले तरी २० लिटर. सोलापूर किंवा बीडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात मोजक्याच मोठ्या सरी येतात. त्यांतली प्रत्येक सर अडवली तर पहिल्या वर्षीचे निम्मे काम झाले.

आता खरा मुद्दा. ‘कमी देखभालीचे झाड’ म्हणजे कधीच देखभाल न लागणारे झाड असा अर्थ लोक घेतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात रोप गमावतात. तरवडाला देखभाल लागते ती सारी पहिल्या वर्षात. दुसऱ्या उन्हाळ्यात थोडी. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत दर १० दिवसांनी एकदा, एका रोपाला ५ लिटर. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा १० दिवसांनी बादलीचे हे पाणी कितीतरी चांगले. तांब्याभर पाणी वरचे दोन इंच भिजवते आणि मुळे वरच राहतात. ५ लिटर खोल उतरते आणि मूळ त्याच्या मागे जाते. आळ्यात पालापाचोळा पसरा, पण बुंध्यापासून चार बोटे दूर. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरे. तिसऱ्यात बंद.

या पाण्याची तुलना हिरवळीशी करून पाहू. बंगल्यासमोर १० फूट लांब, १० फूट रुंद हिरवळ असेल, तर ती साधारण ९.३ चौरस मीटर भरते. उन्हाळ्यात तिला रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दिवसाला सुमारे ४६ लिटर. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत साडेपाच हजार लिटर, आणि हा खर्च दरवर्षीचा. दहा तरवडांची चाळीस-पन्नास फुटी रांग पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे किती पिते? २४ वेळा, दर वेळी ५ लिटर, म्हणजे रोपाला १२० लिटर. दहा रोपांना १,२०० लिटर. तिसऱ्या वर्षापासून शून्य. एप्रिलमध्ये टँकरच्या वेळा सांभाळणाऱ्या सोसायट्या प्रवेशद्वाराशी हिरवळ का राखतात, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

६. फुलातली थरथर

तरवडाचे फूल चार-पाच सेंटिमीटरचे, पाच पाकळ्यांचे. ते जवळून पाहा. आत मध शोधाल तर सापडणार नाही. या फुलात मध नसतोच. मग भुंगे इतक्या गर्दीने येतात कशासाठी?

ते परागकणांसाठी येतात. परागकण हे पिठूळ, प्रथिनांनी भरलेले अन्न आहे आणि माद्या ते पिल्लांसाठी गोळा करतात. बहुतेक फुलांत परागकोश उभा चिरतो आणि पराग उघड्यावर येतात. कुणीही यावे, न्यावे. तरवडाचा परागकोश मात्र बंद असतो, त्याला फक्त टोकाशी बारीक छिद्र असते. मीठदाणी नुसती धरून मीठ पडत नाही, ती हलवावी लागते, तसेच इथे. मोठा काळा भुंगा, जो वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो, तो फुलाला पायांनी घट्ट धरतो, पंख न फडकवता छातीचे स्नायू जोरजोराने थरथरवतो आणि सारे फूल कंप पावते. पराग छिद्रातून फवाऱ्यासारखे बाहेर येऊन त्याच्या अंगावर पडतात. सकाळी झुडपाजवळ उभे राहिलात तर हे ऐकू येते: उडण्याचा एक आवाज, आणि भुंगा फुलावर बसला की त्याहून उंच पट्टीतला, तुटक दुसरा.

आपल्या ओळखीच्या मधमाश्यांना, सातेरी असो की आग्या, ही थरथर जमत नाही. त्या येतात, पण इतरांनी सांडलेले वेचायला. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्यांना ती जमते.

आता एक प्रश्न उरतो. पराग हेच फुलाचे बीज धरण्याचे साधन आणि तेच भुंग्याचे अन्न. सगळे त्याने खाल्ले तर फुलाचे काय? तरवडाच्या फुलात दहा पुंकेसर असतात, पण ते सारखे नसतात. वरचे तीन वांझ. मधले चार आखूड. खालचे तीन मोठे, वाकलेले. भुंगा मधल्या चारांवर काम करतो आणि तिथले पराग गोळा करतो. त्याच वेळी खालचे मोठे पुंकेसर त्याच्या अंगाच्या अशा भागावर पराग टाकतात जिथे त्याचे पाय नीट पोचत नाहीत. पुढच्या फुलाची वाकडी कुक्षी नेमकी त्याच भागाला लागते. एक वाटा मजुरीचा, एक वाटा कामाचा. एकाच फुलात दोन प्रकारचे पुंकेसर का, हे कोडे चार्ल्स डार्विनलाही पडले होते. कामाच्या अशा वाटणीची कल्पना हर्मन आणि फ्रिट्झ या म्युलर बंधूंनी १८८० च्या दशकात मांडली, आणि नंतरच्या निरीक्षणांनी अनेक सेन्ना झाडांबाबत ती खरी ठरवली.

बागवानाला यातून एक व्यवहारी धडा मिळतो. तरवड लावलात तर बागेत एखादा वाळका ओंडका उन्हात पडू द्या. भुंग्याला घर मिळाले की शेंगा धरतात, आणि शेंगा धरल्या की बी विकत आणावे लागत नाही. भुंगा घराच्या वाशांना भोके पाडील अशी भीती असेल, तर तोच ओंडका त्याला तिथून दूर ठेवतो.

७. पाने कुरतडलेली दिसली तर

सप्टेंबरात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतात, बाजूने पिवळसर पांढरी रेघ असलेल्या. फवारणीचा पंप काढू नका. या एमिग्रंट जातीच्या फिकट पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, आणि सेन्नाची झाडे हेच त्यांचे अन्न. त्या काही फांद्या बोडक्या करतात. तरवड दोन आठवड्यांत पुन्हा फुटतो. पानांच्या दांड्यावरच्या ज्या बारीक ग्रंथी ओळखीसाठी सांगितल्या, त्यांतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या येतात आणि फिरता फिरता लहान किडींना हुसकावतात. झाडाने पोसलेली ही राखण आहे. कीटकनाशक मारले की अळीबरोबर मुंगी, भुंगा सगळेच जातात.

गुरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, कारण पाला तुरट-कडवट असतो. म्हणूनच तो चरून उजाड झालेल्या माळांवर टिकून आहे. दुष्काळात शेळी काय सोडते, हा प्रश्न वेगळा. पण एरवी कुंपणाचा खर्च वाचतो.

८. छाटणी

तरवडाला फुले येतात ती नव्या फांद्यांच्या शेंड्यांना. छाटणी केली नाही तर झुडूप खालून उघडे पडते आणि फुले फक्त वर, डोक्याच्या उंचीला जातात. मेअखेर, शेंगा उतरवून झाल्यावर, धारदार कात्रीने प्रत्येक फांदी एक-तृतीयांश कमी करा. पावसाबरोबर प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटवे येतात आणि तेवढेच गुच्छ वाढतात. तीन-चार वर्षांनी एकदा कोयत्याने गुडघ्याखाली तोडला तरी तो बुंध्यातून जोमाने फुटतो. फुले येऊ लागल्यावर, म्हणजे ऑगस्टनंतर, कात्री लावायची नाही.

९. साल आणि चामडे

आज आपण तरवडाकडे फुलांसाठी पाहतो; जुन्या काळी त्याची किंमत सालीत होती. सालीत टॅनिन भरपूर असते. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन घट्ट धरते, मग ते कातडे कुजत नाही, त्याचे चामडे होते. दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात कातडे कमावण्यासाठी बाभळीच्या सालीबरोबर तरवडाची साल वापरत. इंग्रजांच्या काळात मद्रास इलाख्यातून परदेशी जाणाऱ्या कमावलेल्या चामड्यामागे हीच साल होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॅटल झाडाची साल आणि मग क्रोमियमची रसायने आली आणि तरवड माळावर परत गेला.

फुलांचा चहा, पाल्याचा लेप, बियांची पूड असे घरगुती उपाय अनेक जण सुचवतील. श्रीलंकेत रणवारा नावाने फुलांचा चहा पितातही. पण सोनामुखीच्या या नातेवाइकात पोट ढाळणारी द्रव्ये आहेत, आणि मधुमेहाची गोळी चालू असलेल्याने वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. बागेच्या पुस्तकाने एवढ्यावरच थांबावे.

१०. जोडीला कोण?

तरवडाची पिवळी बहार श्रावणात सुरू होते, आश्विन-कार्तिकात भरात येते आणि थंडीत ओसरते. पाऊस चुकार असला तर मधूनच पुन्हा फुलतो. उरलेले वर्ष भरायला धायटी लावा: जानेवारीपासून लालभडक फुले आणि त्यांच्यासाठी येणारे शिंजीर. बी अतिशय बारीक असल्याने धायटीचे रोप तयारच आणावे. उतरत्या सावलीला कोरांटी. काटेरी आहे, पावसाळ्यानंतर फुलते आणि फांदी खोचली तरी लागते. जिथे न्हाणीघराचे सांडपाणी जाते, जिथे तरवड कुजेल, तिथे निर्गुडी. तिला ओल आवडते आणि दुष्काळही सोसतो.

रोपवाटिकांत तरवड क्वचित मिळतो, कारण त्याला मागणी नाही. मागणी नाही कारण तो रस्त्यावर फुकट दिसतो. तो फुकट दिसणारा रस्ताही आता रुंद होतो आहे. तेव्हा येत्या फेब्रुवारीत जवळच्या माळावर जा, निरनिराळ्या दहा-बारा झुडपांवरून थोड्याथोड्या शेंगा घ्या, अर्ध्याहून अधिक तिथेच सोडा, आणि झुडपाला टिकाव लावू नका. शंभर बिया एका मुठीत मावतात, आणि दहा झाडांच्या रांगेला तेवढ्या पुरून उरतात. उरलेल्या शेजाऱ्याला द्या, आणि देताना उकळत्या पाण्याचे सांगायला विसरू नका.